दहावी-बारावीचा गुणगौरव, बडोदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळात फोन सुरू होतात. कोणाला मुलाचे नाव द्यायचे असते, कोणाची मागच्या वर्षीची तक्रार असते. मांजलपूर, वाघोडिया रोडकडच्या नव्या सोसायट्यांमधून तर हमखास विचारणा येते, "आमच्याकडेही असा कार्यक्रम करायचाय, सुरुवात कुठून करू?" ज्यांना पहिल्यांदा करायचा आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांची मुले यंदा दहावी-बारावी झाली आहेत त्यांच्यासाठी ही उत्तरे.

शाळेत बक्षीस समारंभ होतोच. मंडळाने वेगळा गुणगौरव कशाला करायचा?

दहावी-बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, तेव्हा या मुलांची शाळा संपलेली असते. वार्षिक स्नेहसंमेलन होते थंडीत. तोवर बारावीची मुले कॉलेजात गेलेली असतात, कोणी अहमदाबादला, कोणी पुण्याला. शाळेने बोलावले तरी पहिल्या दोन-तीन नंबरांनाच बोलावते. म्हणजे ज्या वर्षी घरात टीव्हीचा आवाज कमी झाला, लग्नाची आमंत्रणे टाळली गेली, त्या वर्षाच्या शेवटी बहुतेक मुलांना मिळतो तो मोबाइलच्या पडद्यावरचा एक निकाल आणि नातेवाइकांचे दहा मेसेज.

आपल्या माणसांनी समोर बसवून, नाव घेऊन "शाबास" म्हणण्याची सोय बाहेर कुठेच नाही. ती मंडळाने करायची.

कार्यक्रम कधी ठेवावा?

जूनचा शेवटचा किंवा जुलैचा पहिला रविवार. हा दिवस असा निघतो:

गुजरात बोर्डाचे निकाल मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. 2025 मध्ये बारावीचा 5 मेला आणि दहावीचा 8 मेला आला. सीबीएसईचा त्या वर्षी 13 मेला लागला. पण मे महिन्यात अर्धे बडोदे गावी गेलेले असते आणि उरलेले उन्हाने घरात. शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, त्यानंतर घरे भरतात. शिवाय 2026 पासून सीबीएसईने दहावीची दुसरी परीक्षा मे महिन्यात ठेवली आहे. तिचा निकाल जूनमध्ये येतो, म्हणून घाई केली तर ती मुले राहून जातात.

फार लांबवूही नये. पावसाचा भरवसा नाही. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला होता आणि ऑगस्ट 2024 च्या अखेरीला विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, हे इथल्या कोणाला सांगायला नको. आषाढी एकादशीला मात्र जुन्या शहरात कार्यक्रम नको. मांडवीतून विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, रस्ते बंद असतात आणि निम्मी आजी-आजोबा मंडळी दर्शनालाच जातात.

किती टक्क्यांच्या वरच्या मुलांना बोलवावे?

टक्क्यांची अट ठेवू नका. दहावी किंवा बारावी पास झालेल्या प्रत्येकाला बोलवा.

यावर दर वर्षी वाद होतो, म्हणून कारण सविस्तर लिहितो. अट 80 ची ठेवली की 79 वाल्याच्या घरी त्या रविवारी काय होत असेल याचा विचार करा. शेजारच्या मुलीचे नाव फलकावर, ह्याचे नाही, आणि दोघांची आई एकाच भिशीत. मूल चार दिवस घराबाहेर पडत नाही. एका टक्क्यासाठी आपण हे करायचे का?

दुसरे असे की टक्के त्या मुलाने कुठून सुरुवात केली ते दाखवत नाहीत. दोन शिकवण्या, एसी खोली आणि शिकलेले आईवडील असलेल्या मुलाचे 88 टक्के कौतुकाचेच आहेत. संध्याकाळी भावंडे सांभाळून, नगरपालिकेच्या शाळेतून आठवी करून पुढे आलेल्या मुलीचे 61 टक्के तितकेच कौतुकाचे आहेत, आणि तिचे नाव मोठ्याने घेणारे आपल्याशिवाय कोणी नाही. "मग अव्वल आलेल्यांना काय विशेष?" असे पालक विचारतात. त्यांचे गुण वाचून दाखवा, वेगळे पारितोषिक असेल तर तेही द्या. पण व्यासपीठ सगळ्यांना एकच.

टक्के वाचायचे की पर्सेन्टाइल?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर गुण आणि ग्रेडबरोबर पर्सेन्टाइल रँक छापलेला असतो. 95 पर्सेन्टाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. त्या परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण 95 मुलांच्या बरोबर किंवा पुढे, असा त्याचा अर्थ. 84 टक्केवाल्याचा पर्सेन्टाइल 95 असू शकतो. घरात आकडा सांगताना मोठा तोच सांगितला जातो, आणि नाव नोंदवणारा तो "टक्के" म्हणून लिहून घेतो.

सीबीएसईच्या गुणपत्रकावर पर्सेन्टाइल नसतो. तिथे विषयवार गुण आणि ग्रेड असते. सीबीएसई गुणवत्ता यादी जाहीर करत नाही आणि एकूण टक्केवारी किंवा श्रेणीही स्वतः काढून देत नाही. बोर्डानेच जी यादी थांबवली ती आपण मंडळात कशाला बनवायची? दोन बोर्डांची मुले एका क्रमवारीत कधीच लावू नका. नावे अकारविल्हे वाचा. गुण सांगायचेच असतील तर "गुजरात बोर्ड, 84 टक्के" असे बोर्डासकट सांगा आणि पर्सेन्टाइल सांगितला तर पर्सेन्टाइल म्हणूनच सांगा.

फक्त सभासदांच्या मुलांना बोलवायचे का? आमच्या ज्ञातीचा गुणगौरव आधीच होतो.

ज्ञातीचे गुणगौरव होतात, ते चालू राहू द्या. मंडळाचा मात्र मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घरासाठी असावा. वर्गणी भरली की नाही, हे मुलाच्या कौतुकाच्या आड येऊ नये.

आपल्या शहराचा इतिहास इथे आठवावाच लागतो. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 पासून सबंध राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. 1913 मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. याचा अभिमान आपण भाषणांतून सांगतो. पण 1917 मध्ये तेच डॉ. आंबेडकर ठरल्याप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडून परत जावे लागले. सयाजीबागेजवळची संकल्पभूमी त्याचीच आठवण आहे. राजाने शिष्यवृत्ती दिली, गावाने दार लावले. गुणगौरवाची यादी करताना दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी वाड्यांपुरते थांबू नका. सोसायटीचे वॉचमन, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला असलेले खानदेशातले कुटुंब, यांच्या घरी दहावीचे मूल आहे का ते स्वतः जाऊन विचारा. ते आपणहून फोन करत नाहीत.

व्यासपीठावर मुलाबद्दल काय बोलायचे?

माझ्या मते सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर उभा असतो. नाव, शाळा, टक्के, टाळ्या, पुढचा. असे वाचले तर साठ मुले होऊन जातात आणि घरी जाताना एकही लक्षात राहत नाही. प्रत्येक मुलासाठी दोन ओळी लिहा, त्याच्याचबद्दलच्या, दुसऱ्या कोणाला लागू न पडणाऱ्या.

त्या मिळवायच्या कशा? नाव नोंदवताना पालकांकडून नको. "खूप मेहनती आहे, मोबाइलला हात लावत नाही," एवढेच मिळते. मुलाला स्वतःला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: या वर्षी कोणता विषय सगळ्यांत अवघड गेला आणि त्याचे काय केलेस? अभ्यासाशिवाय काय चालू होते? कोणाचे आभार मानावेसे वाटतात? पाच मिनिटे लागतात. पहिली दोन मिनिटे मूल "काही विशेष नाही" म्हणते. थांबा. मग निघते.

कागदावर उतरते ते असे:

"बारावी कॉमर्स. अकाउंटच्या पहिल्या चाचणीत नापास झाली, म्हणून आईच्या खाणावळीचे डबे आणि उधारी वहीत लिहायला लागली. बोर्डात अकाउंटला 81."

"दहावी. गणिताला सकाळी साडेपाचला उठायचा, कारण घरात एकच खोली आणि तेवढाच वेळ शांत. आजोबांना आभार सांगायचे आहेत, ते चहा करून द्यायचे."

दुसऱ्या नमुन्यात टक्के नाहीत, ते पाहा. गरज पडली नाही. आजोबा मात्र सभागृहात आहेत का, हे आधी बघून ठेवा आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

लिहिलेल्या ओळी मुलाला वाचून दाखवल्याशिवाय माइकवर जाऊ देऊ नका. घरची अडचण, आजारपण, वडिलांची सुटलेली नोकरी, यांतले काय बाहेर सांगायचे ते मूल ठरवील. "हे नको" म्हणाले तर खोडा, चर्चा नको.

नावे चुकतात, त्याला काय करावे?

गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, आणि इंग्रजीतून देवनागरीत लिहिताना 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न' होतो. "काले" वाचले जाते, मूल असते काळे. आदल्या दिवशी सूत्रसंचालकाने पूर्ण यादी मोठ्याने वाचावी, शंका असेल तिथे घरी फोन करावा. प्रमाणपत्रही त्यानंतरच छापायला द्यावे.

गुणांशिवाय आणखी कशाचा गौरव करावा?

बडोद्यात याची कमतरता नाही. मल्लखांब, कुस्ती, योग घ्या. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात आजही मुले सकाळी-संध्याकाळी घाम गाळतात. व्यायामगुरू प्रा. माणिकरावांच्या काळापासून या गावाला शरीर कमावण्याची ओढ आहे. खेलमहाकुंभात, म्हणजे राज्य सरकारच्या क्रीडास्पर्धांत, जिल्ह्यापर्यंत गेलेली मुले असतात आणि त्यांचे प्रमाणपत्र कपाटात पडून असते. संगीताचेही तसेच. गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे सुरू केलेल्या गायनशाळेतून आजची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी उभी राहिली. दहावीच्या वर्षात तबल्याची परीक्षा न सोडलेला मुलगा, रक्तदान शिबिरात नोंदी लिहिणारी मुलगी, 2024 च्या पुरात सोसायटीत जेवणाची पाकिटे वाटणारी पोरे, या सगळ्यांची नावे घ्या.

मराठी माध्यमातून किंवा मराठी विषय घेऊन बोर्डाची परीक्षा दिलेल्यांचा वेगळा उल्लेख आवर्जून करा. गुजरातेत राहून, गुजराती सक्तीने शिकून, शिवाय मराठीचा पेपर देणारी मुले दर वर्षी कमी होत चालली आहेत. त्यांच्या शिक्षकांनाही बोलवा. मराठी शाळांत शिकवणाऱ्यांना टाळ्या फार कमी मिळतात.

बक्षीस काय द्यावे?

प्लास्टिकचा कप नको. तो माळ्यावर जातो.

पुस्तक द्या, पण मुलाला विचारून. आमच्याकडे नाव नोंदवतानाच "कोणते पुस्तक हवे?" हा रकाना असतो. कोणी कादंबरी लिहितो, कोणी सीए फाउंडेशनचे, कोणी क्रिकेटचे. त्यात कमीजास्त किमतीचा फरक पडतो, तो मंडळाने सोसावा.

त्याहूनही मला आवडते ते मध्यवर्ती ग्रंथालयाचे सभासदत्व. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून या ग्रंथालयाची घडी बसवली. काचेच्या फरशीचे मजले आणि लोखंडी मांडण्या अजून जागेवर आहेत, मराठीचा साठाही मोठा आहे. बडोद्यात वाढलेली कितीतरी मुले तिथे एकदाही गेलेली नसतात. सभासदत्व नुसते पावतीच्या रूपात हातात देऊ नका. एखाद्या रविवारी बरोबर घेऊन जा, पहिले पुस्तक तिथेच निवडू द्या.

रोख मदत द्यायची असेल तर व्यासपीठावर अजिबात नको. कोणाला फीची अडचण आहे हे गावाला कळायची गरज नाही. घरी जाऊन, शाळेच्या किंवा कॉलेजच्या नावाचा चेक द्यावा.

शाल-श्रीफळ?

पाहुण्यांना द्या. मुलांना औक्षण पुरे, आणि ते मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ आजींच्या हातून.

प्रमुख पाहुणे कोणाला बोलवावे?

आठ-दहा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर उभे राहिलेले कोणी. नर्स झालेली, एसटी म्हणजे आपली जीएसआरटीसी चालवणारा, फाइन आर्ट्समधून शिकून शिल्पे घडवणारी, प्रयोगशाळेत संशोधन करणारा. मुले त्यांचे ऐकतात, कारण ते राहतात त्याच गल्लीतले असतात. भाषण दहा मिनिटे. हे निमंत्रण देतानाच सांगावे. नगरसेवक, देणगीदार यांचे स्वागत करा, पण प्रत्येकाला माइक देऊ नका. तो वेळ मुलांचा आहे.

कार्यक्रम किती वेळ चालावा, आणि सभागृह कोणते घ्यावे?

हिशेब मांडा. 60 मुले, प्रत्येकी पाऊण मिनिट, म्हणजे 45 मिनिटे. ईशस्तवन, प्रास्ताविक आणि पाहुणे मिळून 25. दोन-तीन मुलांचे मनोगत 10. एकूण दीड तासाच्या आत बटाटावडा समोर आला पाहिजे. मुले शंभरावर असतील तर दहावी सकाळी आणि बारावी संध्याकाळी करा.

जागेचे म्हणाल तर महात्मा गांधी नगरगृहासारखे मोठे थिएटर दीडशे माणसांत ओकेबोके वाटते. शाळेचा हॉल किंवा देवळाची वाडी बरी. आजी-आजोबांना जिने चढावे लागू नयेत, एवढे पाहा.

सूत्रसंचालन कोणत्या भाषेत?

मराठीत. मूल मात्र ज्या भाषेत मोकळे होईल त्या भाषेत बोलू दे. मध्येच गुजराती आली तर कोणी हसू नये आणि कोणी दुरुस्त करू नये. गुजराती शिक्षक आणि मित्रमैत्रिणी आलेले असतील तर त्यांच्यासाठी दोन वाक्ये गुजरातीत जरूर बोला.

गुणपत्रकाचे फोटो ग्रुपवर टाकले तर चालेल?

नाही. गुणपत्रकावर बैठक क्रमांक असतो आणि त्यावरून गुजरात बोर्डाचा निकाल कोणालाही उघडता येतो. नोंदणीसाठी आलेल्या प्रती एका माणसाकडे राहाव्यात, कार्यक्रम झाल्यावर नष्ट कराव्यात. व्यासपीठावरचे फोटो टाकायला हरकत नाही, पण घरच्यांना विचारून. फ्लेक्सवर गुण छापू नका.

सरकारी शिष्यवृत्त्यांची माहिती इथे मिळेल का?

मिळायलाच हवी. प्रवेशद्वारापाशी एक टेबल लावा आणि तिथे फॉर्म भरण्यातला जाणकार बसवा. बारावीनंतर गुजरातेत शिकणाऱ्यांसाठी मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. तिला 80 किंवा अधिक पर्सेन्टाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत ही मुख्य अट आहे. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांनाही ती लागू आहे. वर पर्सेन्टाइलची उठाठेव केली ती यासाठीही: टक्के 72 आहेत म्हणून अर्जच न करणारी घरे असतात, आणि पर्सेन्टाइल असतो 80 च्या वर.

अकरावी सायन्स घेणाऱ्यांसाठी नमो सरस्वती योजनेत दोन वर्षांत मिळून 25,000 रुपये, तर नववी ते बारावीच्या मुलींसाठी नमो लक्ष्मी योजनेत चार वर्षांत मिळून 50,000 रुपये मिळतात. या दोन्हींची नोंद शाळेतून होते, त्यामुळे शाळेत जाऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागतो.

आमचा मुलगा एका विषयात राहिला. त्याला आणावे का?

त्याला विचारा. पुरवणी परीक्षेची तयारी चालू असते आणि त्या दिवशी सभागृहात बसणे त्याला जड जाऊ शकते. त्याचे नाव मात्र आमच्याकडे आत्ताच द्या. पुरवणीचा निकाल लागला की गणेशोत्सवात, आरतीनंतर, या मुलांचा गौरव आम्ही करतो. तीच दोन ओळींची पद्धत, तेच पुस्तक. त्या विषयाची शिकवणी घेऊ शकणारे निवृत्त शिक्षक मंडळात आहेत, ते पैसे घेत नाहीत.

मुलगी पास झाली, पण व्यासपीठावर यायला तयारच नाही.

जबरदस्ती करू नका. काही मुलांना चारचौघांत उभे राहणे खरोखर नको असते, काहींना स्वतःचे गुण कमी वाटतात. दुसरे कारण असेल तर मंडळाच्या ताईंनी एकदा बोलून पाहावे. तरीही नको असेल तर आम्ही घरी येतो. दोघेजण, पुस्तक आणि तिच्या दोन ओळी घेऊन. चहा ठेवा, बाकी काही नको.

नाव नोंदवायला काय लागते?

गुणपत्रकाची प्रत, मुलाचा स्वतःचा मोबाइल नंबर (पालकांचा असला तरी मुलाचाही हवाच, दोन ओळींसाठी), देवनागरीत लिहिलेले पूर्ण नाव आणि हव्या त्या पुस्तकाचे नाव. जूनच्या तिसऱ्या रविवारपर्यंत कार्यालयात आणून द्या. उशीर झाला तरी या, प्रमाणपत्र हाताने लिहून देऊ. मागच्या वर्षी बारावी झालेल्या मुलांनी यंदा फोन करायच्या कामाला हातभार लावावा. दहावीची पोरे काका-काकूंपेक्षा त्यांच्याशी लवकर बोलतात.